मटण पाई आणि सगळ्यांचा सारखा वाटा



धान घरात आले आणि थंडी पडली की गोंदियाच्या बाजारात गाजर, मटार आणि ओल्या तुरीच्या शेंगांचे ढीग लागतात. या दिवसांसाठी आम्ही मटण पाई सुचवतो. नाव ऐकून बकऱ्याचे पाये समजू नका! घट्ट सालनावर खस्ता पोळीचे झाकण घालून भाजलेले हे भांडे असते. दमच्या हंडीचे तोंड आपण कणकेने बंद करतो आणि ती कणीक काढून टाकतो. इथे झाकणच चवीने खायचे असते.

पदार्थ विलायती वाटला तरी आपल्याला परका नाही. बगदादचे हकीम अब्दुल लतीफ (1162–1231) यांनी मिसरवर लिहिलेल्या ग्रंथात एका प्रचंड पाईचे वर्णन आहे. तिच्यात तीन भाजलेली कोकरे, वीस कोंबड्या आणि पन्नास लहान पक्षी भरून वर पिठाचे झाकण घालत आणि ती तंदुरात भाजत. शिकारीला निघालेल्या श्रीमंतांचे ते खाणे. त्याच ग्रंथात 1200 ते 1202 च्या दुष्काळाचे असे वर्णन आहे की वाचवत नाही. एकाच देशात, एकाच लेखणीतून दोन्ही!

आपली पाई मात्र अर्ध्या किलोत आठ जणांची. बिनहाडाचे मटण बारीक कापून आले-लसूण, हळद, मीठ आणि एक पेला पाणी घालून कुकरमध्ये मऊ शिजवा. रस्सा फेकू नका. दोन कांदे तुपात परतून त्यात दोन चमचे मैदा भाजा आणि रस्सा थोडा-थोडा ओतत ढवळा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग मटण, उकडलेले दोन बटाटे, एक गाजर, वाटीभर मटार किंवा तुरीचे दाणे, काळी मिरी, गरम मसाला आणि कोथिंबीर घाला. सालन पळीला चिकटेल इतके घट्ट हवे. ते पूर्ण थंड होऊ द्या. गरम सालनावर पोळी टाकली तर तूप वितळते आणि झाकण चिवट होते.

झाकणासाठी दीड वाटी मैदा आणि अर्धी वाटी तांदळाचे पीठ घ्या. आपल्या धानाच्या जिल्ह्यात ते घरोघरी असते आणि त्याने कुरकुरीतपणा येतो. नुसत्या तांदळाच्या पिठाची पोळी मात्र तुटते. अर्धी वाटी घट्ट, थंड तूप पिठात बोटांनी चोळा, रव्यासारखे दिसू लागले की थंड पाणी शिंपडून गोळा बांधा. मळू नका. अर्ध्या तासाने लाटून, सालन भरलेल्या पसरट डब्यावर घाला, कडा दाबा, वाफ जायला चार चिरा पाडा आणि अंड्याचा बलक लावा.

ओव्हन असेल तर 200 अंशांवर पाऊण तास. नसेल तर जाड डेगचीत बोटभर मीठ पसरून तापवा, त्यावर तिवई, तिवईवर डबा आणि वर झाकण. गॅसवर पोळी शिजते, पण रंग धरत नाही, कारण वरून आच नसते. चूल असेल तर दमासारखे झाकणावर निखारे ठेवा. ईदच्या आधी नानखटाई भाजायला बेकरीत नेतात, तसा हा डबाही नेता येतो.

आता आम्हाला खरे म्हणायचे आहे ते. सालन वाढताना बोट्या आधी पाहुण्यांच्या, मग घरातल्या पुरुषांच्या ताटात जातात. शेवटी बसणाऱ्या सुनेला आणि लेकीला तळाचा रस्सा उरतो. कुणी मुद्दाम करत नाही, पण रोज होते. शाळेत आम्ही मुलींना दर आठवड्याला लोहाची निळी गोळी देतो. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली. मटणातले लोह शरीर पालेभाजीतल्या लोहापेक्षा सहज घेते, आणि नेमके तेच तिच्या ताटात येत नाही.

पाई सुरीने कापली जाते. आठ माणसे तर आठ वाटे, सगळ्यांसमोर. जेवायला उशिरा बसणारीचा वाटा कापलेला दिसतो, म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. शेजारी द्यायचे असेल तर नऊ वाटे करा. रस्सा वाढवून शेजाऱ्याची आठवण ठेवण्याची शिकवण हजरत अबू जर (र.अ.) यांना मिळाली होती, आणि इथे बटाटा-मटार तेच काम करतात.

मटण परवडत नसेल त्या आठवड्यात कोंबडी घ्या, शिजायला निम्मा वेळ लागतो. भाजल्यावर दहा मिनिटे थांबूनच कापा, नाहीतर सालन वाहते. ठेवलेला वाटा तव्यावर झाकून मंद आचेवर गरम करा.