बंड्या की टायगर?

बालमित्रांनो, या आठवड्याच्या टपालात एक पत्र आलं. सातवीतल्या एका मुलीचं. वहीची चार पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली, आणि जागा पुरली नाही म्हणून शेवटी समासातसुद्धा लिहिलेलं. तिचं नाव-गाव मी सांगणार नाही, तिनं तशी अटच घातली आहे. पण गोष्ट सांगायला तिची हरकत नाही.

तीन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात त्यांच्या जिन्याखाली एक कुत्रा येऊन बसला. चिंब भिजलेला, पुढचा पाय लंगडत होता. "एक रात्रच हं," म्हणून आईनं त्याला आत घेतलं. ती एक रात्र तीन वर्षं चालली! त्याचं नाव बंड्या. तो तिला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला येतो, दुपारी आजीच्या पायाशी झोपतो आणि कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला पलंगाखाली पळतो. (पहिल्या दोन कशा चालतात, कोण जाणे!)

मागच्या महिन्यात आठवडी बाजारात समोरून एक आजोबा आले. त्यांच्या हातातली कोथिंबिरीची जुडी खाली पडली आणि ते ओरडले, "टायगर!" बंड्यानं असा हिसका दिला की साखळी तिच्या हातातून सुटली. तो आजोबांच्या अंगावर उड्या मारत होता आणि ही नुसती बघत उभी होती.

आजोबांकडे लस टोचल्याचं कार्ड आहे, अगदी पिल्लू असल्यापासूनचे फोटो आहेत. घरी एक नातू आहे. टायगर हरवला तेव्हा तो पाच वर्षांचा होता. "काका, बंड्या परत द्यावा लागेल का? तीन वर्षं आम्ही सांभाळलं, ते काहीच नाही का?"

तुम्हांला लगेच सिद्धार्थ आणि देवदत्ताच्या हंसाची गोष्ट आठवली असेल. हंस कोणाचा? मारणाऱ्याचा की वाचवणाऱ्याचा? ती गोष्ट मलाही आवडते. पण खरं सांगू, तो न्याय सोपा होता. एकानं बाण मारला होता, दुसऱ्यानं काढला होता. इथे बाण मारणारं कोणीच नाही. एकानं वाढवलं, दुसऱ्यानं वाचवलं. मग?

असाच एक खटला अमेरिकेत खरोखर झाला होता. त्या देशाच्या ईशान्येला व्हरमाँट नावाचं एक छोटंसं डोंगराळ राज्य आहे. तिथल्या एका माणसानं एक कुत्रा पिल्लू असल्यापासून वाढवला, शिकारीसाठी तयार केला. 1994 च्या जुलैत तो कुत्रा गळ्यातला पट्टा तोडून पळाला. मालकानं मित्रांना सांगितलं, आसपासच्या दुकानांत सांगितलं. इकडे साधारण दोन आठवड्यांनी एका बाईंना तो रस्त्यानं भटकताना दिसला. त्यांनी त्याला घरी नेलं. आणि आता इकडे नीट लक्ष द्या. त्यांनी प्राण्यांच्या संस्थेला फोन करून कुत्र्याचं वर्णन कळवलं, दुकानांत चिठ्ठ्या लावल्या, रेडिओवरूनसुद्धा सांगायला लावलं. कोणी आलं नाही. दोघंही शोधत होते, पण दोन्ही टोकं जुळली नाहीत. वर्षभरानं मालकाच्या एका मित्राला तो कुत्रा दिसला आणि भांडण कोर्टात गेलं.

1997 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं कुत्रा त्या बाईंकडेच ठेवला. कारण काय दिलं माहीत आहे? बाईंनी मालकाला शोधायचा प्रामाणिक प्रयत्न केला होता आणि पुरेसा काळ वाट पाहिली होती. अशा माणसाला 'कुत्रा कधीही काढून घेऊ' असं सांगितलं, तर भटकणाऱ्या जनावराला घरात घेणार कोण? आणखी एक गोष्ट त्या निकालात आहे. घटस्फोटात मूल कोणाकडे सुखी राहील ते कोर्ट पाहतं. मग कुत्रा कोणाकडे सुखी राहील ते का पाहू नये? न्यायालय म्हणालं, प्राण्याचं हित नक्की कशात आहे, हे आम्हांला ठरवता येणार नाही. मात्र सगळ्या न्यायाधीशांचं यावर एकमत झालं नाही, हेही सांगायला हवं.

आता उलटी बाजू. 2005 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर कतरिना नावाचं चक्रीवादळ आलं, न्यू ऑर्लीन्स शहर पाण्याखाली गेलं. लोकांना वाचवायला आलेल्या कितीतरी गाड्यांमध्ये जनावरांना जागा नव्हती. माणसं रडत रडत कुत्री-मांजरं मागे ठेवून गेली. नंतर स्वयंसेवकांनी त्यांतली हजारो वाचवली आणि दूरदूरच्या राज्यांत पाठवली. तिथल्या कुटुंबांनी त्यांना लळा लावला. काही महिन्यांनी, छावण्यांतून बाहेर पडल्यावर, जुने मालक पत्ता काढत आले. नवी कुटुंबं म्हणाली, "तुम्ही सोडून गेलात." मालक म्हणाले, "आम्हांला सोडायला लावलं!" यावरही खटले झाले. 'माइन', म्हणजे 'माझा', नावाचा एक माहितीपटही 2009 मध्ये निघाला. संकटाच्या वेळी माणसांबरोबर पाळीव प्राण्यांचाही विचार झाला पाहिजे, असा कायदा तिथे 2006 मध्ये आला. त्या मालकांना 'निष्काळजी' म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

आणि आपल्याकडे? आपला कायदा पाळीव कुत्र्याला मालमत्ता मानतो. शब्द मला आवडत नाही, पण आहे तो असा. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे सापडलेली वस्तू जवळ ठेवणारा हा ती सांभाळणारा असतो, आपोआप मालक होत नाही. मात्र सांभाळण्याचा खर्च मिळेपर्यंत त्याला ती अडवून ठेवता येते. 'तीन वर्षं झाली, आता हक्क गेला,' असं पत्रात बाबांनी म्हटलंय. बाबा, थोडी चूक होतेय हं! 1963 च्या मुदतीच्या कायद्यात हरवलेल्या वस्तूसाठी तीन वर्षं आहेत खरी, पण ती वस्तू कोणाजवळ आहे हे मालकाला कळल्या दिवसापासून ती मोजतात. म्हणजे आजोबांची तीन वर्षं त्या बाजाराच्या दिवशी सुरू झाली.

पत्रातल्या मुली, आता तुझ्याशी बोलतो. तुझ्या पत्राचा समास मी तीनदा वाचला. तिथे बारीक अक्षरात तू लिहिलंयस, "बंड्या आला तेव्हा त्याच्या गळ्यात लाल पट्टा होता. तो मी काढून दप्तराच्या खणात लपवला. आईला अजून माहीत नाही." तू चौथीत होतीस तेव्हा. पट्टा दिसला तर त्याला कोणीतरी न्यायला येईल, असं तुला वाटलं असणार. मी तुला रागावणार नाही. पण व्हरमाँटच्या त्या बाई जिंकल्या त्या चिठ्ठ्यांमुळे आणि रेडिओमुळे, आणि तुमच्याकडून कोणी एक चिठ्ठीसुद्धा लावली नाही. आजोबा मात्र महिनाभर सायकलवरून हाका मारत फिरले, हेही तूच लिहिलं आहेस.

म्हणून माझं मत विचारशील, तर बंड्यावर पहिला हक्क आजोबांचा आहे. तुला हे वाचून रडू येईल, माहीत आहे मला.

'दोघांनी दोन बाजूंना उभं राहून हाक मारायची, तो जाईल त्याचा,' ही तुझ्या दादाची युक्ती मात्र करू नका. त्या दिवशी वारा कुठून आला, कोणाच्या खिशात बिस्किट होतं, यावर एवढी मोठी गोष्ट ठरवायची का? शिवाय हरलेल्याच्या मनात कायम राहील की आपल्याला कुत्र्यानंच नको म्हटलं.

आधी आईला पट्टा दाखव. मग तो घेऊन आईबरोबर आजोबांकडे जा. त्यांना आजीची दुपार सांग, कुकरची शिट्टी सांग, पायाला किती दिवस मलम लावलं ते सांग. बंड्या आता तरुण राहिलेला नाही, एकदम घर बदललं तर तो खाणं सोडू शकतो. तेव्हा आधी काही रविवार त्यानं तिकडे जावं, मग राहावं, असं मागून बघ. आजोबा स्वतःच काही वेगळं सुचवतील, अशी मला थोडी आशा आहे. पण ते सुचवणं त्यांच्या हातात आहे, तू मागायचं नाहीस.

(पालकांसाठी एक ओळ : जनावरांच्या डॉक्टरांकडे कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवून मिळते. तिच्यात पंधरा आकडी क्रमांक असतो. कुत्रा कुठे आहे हे ती सांगत नाही, पण कोणाचा आहे ते यंत्रावर कळतं. मात्र घर किंवा फोन बदलला तर नोंदही बदलायला हवी.)

आणि हो, आजोबांच्या नातवाला कुकरची तिसरी शिट्टी आधीपासून माहीत होती का, हे नक्की विचार आणि मला कळव. पत्राची वाट पाहतो.