हात वर केले, ते लाडानं नव्हे!

मैत्रिणींनो, एक व्हिडिओ कधी ना कधी तुमच्याही मोबाइलवर आला असेल. पलंगावर उताणं पडलेलं, मांजरीच्या पिल्लाएवढं एक तपकिरी जनावर. चेहऱ्यात मावत नाहीत एवढे मोठे डोळे. कुणीतरी त्याच्या पोटाला गुदगुल्या करतंय आणि ते दोन्ही हात डोक्यावर घेऊन गप्प पडलंय. आमच्या भिशीच्या ग्रुपवर तो आला तेव्हा बदामांचा पाऊस पडला. एकीनं लगेच लिहिलं, ‘अगं, हे कुठे मिळतं? नातवाला घेतलं असतं.’

अगदी सहज आलेलं, प्रेमाचं वाक्य. पण जगभरातल्या हजारो माणसांनी हेच वाक्य लिहिलं आणि त्याची किंमत या जिवाला मोजावी लागली.

याचं नाव स्लो लोरिस. माकडांचा हा दूरचा नातेवाईक. ईशान्य भारतापासून इंडोनेशिया, फिलिपाइन्सपर्यंतच्या जंगलांत राहतो. आसामात याला ‘लाजुकी बांदोर’ म्हणतात, बंगालीत ‘लज्जाबती बानर’. म्हणजे लाजरं माकड. दिवसभर झाडावर अंगाचा गोळा करून झोपायचं आणि रात्री हळूहळू फांद्यांवरून फिरायचं, असा याचा दिनक्रम. ते मोठे डोळे अंधारात पाहण्यासाठी आहेत. दिवसाउजेडी किंवा ट्यूबलाइटच्या झगझगाटात त्या डोळ्यांना त्रासच होतो.

आणि ते वर केलेले हात? लोरिसच्या दंडाच्या आतल्या बाजूला, कोपराजवळ एक ग्रंथी असते. तिच्यातून तेलकट स्राव येतो. तो चाटून लाळेत मिसळला की विष तयार होतं. माकडांच्या सगळ्या गोतावळ्यात विषारी असा हाच. धोका जाणवला की तो हात डोक्यावर नेतो, म्हणजे तोंड त्या ग्रंथीपर्यंत पोचतं. आपण ज्याला लाड समजून हसतो, ती त्याची बचावाची शेवटची तयारी असते.

मग हा विषारी प्राणी घरात पाळतात तरी कसा? तर विकणारे आधीच त्याचे पुढचे दात तोडून टाकतात. नेलकटरनं नाहीतर पकडीनं, भूल न देता. हिरड्या चिघळतात, जंतुसंसर्ग होतो आणि कित्येक लोरिस गिऱ्हाइकाच्या घरी पोचण्याआधीच मरतात. जे वाचतात त्यांची सुटका झाली तरी जंगल त्यांना बंदच झालेलं असतं. कारण झाडाची साल खरवडून डिंक खाणं हे लोरिसचं मुख्य पोटपाणी आणि ते खालच्या पुढच्या दातांवर अवलंबून. बाळंतिणीला डिंकाचे लाडू करून घालणाऱ्या आपल्यासारख्यांना डिंकाचं मोल वेगळं सांगायला नको. दात गेले की समोर डिंकानं भरलेलं झाड असूनही हा जीव उपाशी. इंडोनेशियात बोगोरजवळ अशा सोडवून आणलेल्या लोरिससाठी एक केंद्र आहे. दात गमावलेल्यांना तिथेच जन्म काढावा लागतो.

त्यात याची वीण मुळात फार कमी. सुमारे सहा महिन्यांचं गरोदरपण आणि बहुतेक वेळा एकच पिल्लू. आई रात्री अन्न शोधायला निघते तेव्हा पिल्लाला फांदीवर ठेवून जाते आणि ते फांदी घट्ट धरून तिची वाट बघत बसतं. असं बसून राहणारं पिल्लू चोरट्याच्या हाती किती सहज लागत असेल, याची कल्पना करा.

गुदगुल्यांचा तो गाजलेला व्हिडिओ २००९ मध्ये यूट्यूबवर आला. लोरिसवर अनेक वर्षं काम करणाऱ्या ॲना नेकारिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याखालच्या बारा हजारांहून जास्त प्रतिक्रिया वाचून काढल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ‘मलाही असा पाळायला हवा’ ही इच्छा पुन्हा पुन्हा दिसली. त्यानंतर त्यांनी पाळीव लोरिसचे १०० व्हिडिओ तपासले. भगभगीत उजेड, माणसाची हाताळणी, एकटेपण, चुकीची जागा, आजार किंवा ताणाची लक्षणं, अशा पाच खुणा ठरवल्या होत्या. एकही व्हिडिओ निर्दोष निघाला नाही. सुमारे ३१ टक्के व्हिडिओंत तर पाचही खुणा होत्या.

बरं, कायदा नाही असंही नाही. २००७ पासून लोरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे. तरीही २०१३ मध्ये इंडोनेशियात एकाच वेळी २३८ लोरिस तस्करांकडून जप्त झाले. त्याच वर्षी गायिका रिहानानं थायलंडमधल्या फुकेतला लोरिससोबत काढलेला फोटो जगभर फिरला आणि पोलिसांनी दोघांना पकडलं. आता आपल्याकडूनही कितीतरी कुटुंबं थायलंडच्या टूरला जातात. तिथे कुणी खांद्यावर असं जनावर ठेवून फोटो काढायला बोलावलं, तर त्या फोटोचे पैसे कशाला जातात ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

दुसरा धोका तर थेट बायकांच्या नावावर खपतो. कंबोडियात लोरिस मारून, वाळवून औषध म्हणून विकले जातात आणि ते औषध बाळंतिणीला देण्याची रीत आहे. बाळंतपणानंतरची काळजी कोणत्या घरात नसते? पण तिला पथ्यपाणी, विश्रांती आणि वेळेवर डॉक्टर हवा. वाळवलेल्या लोरिसनं ती बरी होते याला कसलाही आधार नाही.

आपल्या देशातला बंगाल स्लो लोरिस ईशान्येच्या राज्यांत आहे. आसामात जोरहाटजवळच्या होलोंगापार अभयारण्यात तो गिबनांच्या शेजारी राहतो. जंगल तुकड्यातुकड्यांत तुटलं की त्याला उड्या मारून पलीकडे जाता येत नाही. मग रस्त्यावर उतरावं लागतं, विजेच्या तारा धराव्या लागतात आणि तिथेच जीव जातो. वन्यजीव कायद्यात त्याला पहिल्या अनुसूचीचं, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण आहे. त्याला पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे आणि त्याला किमान तीन वर्षं कैद होऊ शकते. दक्षिणेत त्याचा सडपातळ चुलतभाऊ राहतो. त्याच्यासाठी तमिळनाडूनं २०२२ मध्ये कडवूर इथे ११,८०६ हेक्टरचं खास अभयारण्य घोषित केलं. देशातलं असं हे पहिलंच.

मला सर्वांत आवडली ती पश्चिम जावातल्या सिपागांती गावाची गोष्ट. तिथे लोरिस शेतांच्या कडेच्या झाडांवर राहतात आणि झाडं तुटल्यानं वाटा तुटल्या होत्या. नेकारिस यांच्या गटानं शेतकऱ्यांशी बोलून झाडाझाडांमधून पाण्याच्या नळ्या टांगल्या. शेतकऱ्याला शेतात पाणी मिळालं आणि लोरिसला पलीकडे जायला पूल. ‘जनावर वाचवा’ असं नुसतं सांगण्यापेक्षा दोघांची गरज एका नळीत बसवणं, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. घर चालवणारी बाई रोज दुसरं काय करते?

आपण इथे बसून काय करायचं, असं म्हणाल. पहिलं म्हणजे असा व्हिडिओ आला तर लाइक नको, फॉरवर्ड नको. रागानं प्रतिक्रियाही लिहू नका, कारण त्यानंही तो व्हिडिओ आणखी लोकांपर्यंत पोचतो. सरळ रिपोर्ट करा. दुसरं, गावच्या बाजारात कुणी पोपट, कासव किंवा कुठलाही वन्यप्राणी विकताना दिसला, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. पोपटाला पिंजऱ्यात ठेवणंही कायद्यानं गुन्हाच आहे, हे आपल्यापैकी कितीजणींना माहीत आहे?

आणि तिसरं, सर्वांत सोपं आणि सर्वांत अवघड. घरातलं लेकरू मोबाइल पुढे करून ‘आई, किती गोड!’ म्हणालं, तर त्याला रागावू नका. त्याचं प्रेम खोटं नाही. त्याला जवळ बसवा आणि विचारा, ‘हा हात वर का करतोय, सांग बघू?’ मग त्या डोळ्यांबद्दल आणि तोडलेल्या दातांबद्दल सांगा. जे आवडतं ते घरी आणायचंच असं नसतं. एवढं कळलेलं मूल पुढे माणसांशीही नीट वागेल.