शाप पूर्वजांचा की वाटा बहिणीचा?



बेळगाव-निपाणी भागातल्या आपल्या घरांतून एक वाक्य वारंवार ऐकू येते : "आमच्या घराण्याला शाप आहे." खडेबाजारातला धंदा बसला, मुलाचे लग्न जमेना, भावाभावांत बोलणे बंद झाले, की त्याचे कारण आजोबा-पणजोबांच्या पापात शोधले जाते. मग वंशावळ लिहून काढायची आणि शाप तुटावा म्हणून प्रार्थना करून घ्यायची. लोक ज्याला पितृदोष म्हणतात, त्यालाच आपण बायबलचे वेष्टण चढवले आहे.

ही ख्रिस्ती शिकवण नव्हे. बापाने आंबट द्राक्षे खाल्ली आणि दात मुलांचे आंबले, अशी एक म्हण इस्राएलात प्रचलित होती. ती यापुढे तोंडातून काढू नका, असे परमेश्वराने यहेज्केल संदेष्ट्याकडून बजावले. 18वा अध्याय सावकाश वाचा. ज्याचे पाप, त्याचाच दोष. 2015 साली पोलंडच्या बिशपांनी घराण्याच्या पापापासून मुक्तीसाठी होणाऱ्या मिस्सा आणि प्रार्थना बंद केल्या. कारण साधे आहे : बाप्तिस्म्यात सर्व पापांची क्षमा होते. मग तोडायला उरते काय?

कोणी निर्गमाचा 20वा अध्याय पुढे करील. तिसऱ्या-चौथ्या पिढीचे तिथे म्हटले आहेच. बापाच्या दारूचे, कर्जाचे, भांडणाचे परिणाम मुले भोगतात, हे आपण डोळ्यांनी पाहतो. पण परिणाम भोगणे वेगळे आणि दोषी असणे वेगळे. बापाच्या दारूने घर मोडले, हे खरे. म्हणून मी बायकोवर हात उचलला, तर तो हात माझाच.

शापाची ही गोष्ट आपल्याला इतकी का आवडते? कारण मेलेला पणजोबा उलट बोलत नाही, आणि त्याच्या नावावर पाप टाकले की आपल्याला कोणाला काही परत द्यावे लागत नाही.

शमुवेलाने जाब विचारला तेव्हा शौल राजाने लोकांकडे बोट दाखवले : मेंढरे लोकांनी ठेवून घेतली. नाथानाने तोंडावर सांगितले तेव्हा दावीद म्हणाला, पाप मी केले. दावीदाचा अपराध काही लहान नव्हता. व्यभिचार आणि खून होता तो. तरी क्षमा त्याला मिळाली, कारण त्याने कारणे सांगितली नाहीत.

आता आपल्या घराकडे वळू. शाप शोधायला पणजोबापर्यंत जाण्याआधी जमिनीचा उतारा काढून पाहा. वडील गेल्यावर बहिणीला माहेरी जेवायला बोलावून कागदावर सही घेतली होती ना? "लग्नात खर्च केला होता." "आपल्यात पद्धतच आहे." "तिने खुशीने दिली." ही सगळी शौलाची उत्तरे आहेत. आपल्याला लागू असलेला भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 चा आहे. वडील मृत्युपत्र न करता गेले, तर मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. शंभर वर्षे झाली, तरी कित्येक ख्रिस्ती घरांत बहिणीने वाटा मागितला की तिचे माहेर तुटते. भावाभावांचे बोलणे बंद झाले, त्याचे मूळ शापात शोधायचे की या कागदात?

पापनिवेदनाला जाऊन "मी रागावलो, मिस्सा चुकवली" एवढे सांगून हे झाकता येत नाही. ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे : शेजाऱ्याचे नुकसान केले असेल, तर जमेल तेवढे भरून द्यायलाच हवे. गणनेच्या 5व्या अध्यायात पाप कबूल करून मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा परत करण्याचा नियम आहे. जक्कयाने तर चौपट देऊ केले. आपला बाप जकातदार होता, अशी सबब त्याने सांगितली नाही. प्रभू त्याच्या घरी आला, तेव्हा त्याने सरळ पैशाचीच गोष्ट काढली.

म्हणून सांगतो, वंशावळीचा कागद बाजूला ठेवा. ज्या बहिणीला तुम्ही टाळता, तिला फोन करा. तिचा वाटा किती होतो, ते तिच्यासमोर बसून मोजा. मग पापनिवेदनाला या. प्रभूच्या दयेला हद्द नाही. पण जे पाप आपण आपले म्हणतच नाही, त्याची क्षमा मागणार तरी कशी?

प्रभू आपणा सर्वांना खरे बोलण्याचे धैर्य देवो. आमेन.