दांडी न काढता कडी अडकवा पाहू!

घरातल्या पडद्याची दांडी बघा, दोस्तांनो. एखादी कडी घालायची राहिली, तर आई काय करते? दांडी खाली काढते आणि टोकाकडून कडी सरकवते. पण दांडीला टोकच नसेल तर?

आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूपुढे हाच पेच असतो. त्याचा डीएनए गोल. अक्षरशः ना शेंडा ना बुडखा! त्यात अक्षरांच्या सुमारे ४६ लाख जोड्या. एका जिवाणूचे दोन व्हायचे, तर या सगळ्याची नक्कल हवी. ती करणारं प्रथिन म्हणजे पॉलिमरेज. पण ते भारी निसरडं, बरं का! एकटं असलं की दहा-वीस अक्षरं जोडतं न जोडतं, तोच डीएनएवरून गळून पडतं. अशानं ४६ लाख कधी व्हायची?

म्हणून ते एका कडीला धरून राहतं. ही कडीसुद्धा प्रथिनाचीच, दोन सारखे अर्धे भाग जोडून झालेली. तिचं रूप १९९२ मध्ये अमेरिकेत जॉन कुरियन आणि माइक ओ'डॉनेल यांच्या गटांनी उलगडलं. डीएनएची जाडी २ नॅनोमीटर आणि कडीचं भोक सुमारे साडेतीन. म्हणजे चक्क सैल! म्हणून तर ती सरकते, पण सुटत नाही. तिच्या आधाराने पॉलिमरेज सेकंदाला हजाराच्या आसपास अक्षरं जोडतं.

मग कडी चढवतं कोण? पाच प्रथिनांची एक टोळी. एटीपी नावाचे ऊर्जेचे रेणू टोळीला चिकटले, की ती कडीला पकडते आणि एका सांध्यापाशी उघडते. फटीतून डीएनए आत येतो. मग एटीपी फुटतात, कडी मिटते आणि टोळी पसार! गंमत पाहा, ऊर्जा खर्च होते ती कडी उघडायला नाही, तर सोडून जायला. आणि जायलाच हवं. कडीवर टोळीची आणि पॉलिमरेजची बसायची जागा एकच. टोळी उठली नाही, तर पॉलिमरेज बसणार कुठे? (बाकावरची भांडणं आठवली ना?)

बरं, एका कडीने भागत नाही. डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एकाची नक्कल तुकड्यातुकड्यांनी होते. हजार-दोन हजार अक्षरं झाली, की नवा तुकडा आणि नवी कडी.

आपल्या पेशींतली कडी तीन भागांची असते, क्षयाच्या जंतूची मात्र दोन भागांची. ग्रिसेलिमायसिन हे द्रव्य या जंतूच्या कडीवरची तीच बसायची जागा अडवून धरतं, असं २०१५ मध्ये संशोधकांनी दाखवलं. त्याच्या सुधारित रूपाचा क्षय झालेल्या उंदरांवर चांगला परिणामही दिसला.