नाव एक, काटे अनेक

काविळीचे नाव निघाले की आपल्या वस्तीत औषध सांगणाऱ्यांना तोटा नसतो. कुणी गळ्यात माळ घालायला सांगतो, कुणी नाकात थेंब टाकायला सांगतो, कुणी गावाकडच्या मुळीचे नाव सांगतो. सांगणाऱ्याच्या मनात वाईट नसते. पण गाठ आजाऱ्याच्या जिवाशी असते. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आमच्या वर्तकनगरात, जुन्या इमारतीत राहणाऱ्या एका ताईंच्या यजमानांना कावीळ झाली. डॉक्टरांनी रक्त तपासले, विश्रांती सांगितली, गोळ्या लिहून दिल्या. मुलगा कॉलेजात जाणारा. त्याने गोळ्यांच्या पाकिटावर ‘सिलीमारिन’ हे नाव वाचले आणि मोबाईलवर शोधले. हे औषध ‘मिल्क थिसल’ नावाच्या काटेरी झाडापासून काढतात, असे त्याला कळले. त्याच झाडाचे हिंदी नाव दिले होते ‘ऊंटकटारा’.

गावाहून समाचाराला आलेल्या मावशींनी ते ऐकले. त्या म्हणाल्या, “पानाला काटे आन् पांढऱ्या रेघा, तोच ना? अरे, तो तर उपवनच्या रस्त्याला ढिगानं उगवलाय. गोळ्यांना पैसे कशाला घालवता?”

आम्ही संध्याकाळी विचारपूस करायला गेलो तेव्हा ओट्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेले झाड होते आणि गॅसवर पाणी तापत होते. पाने काटेरी, निळसर हिरवी, शिरांवर पांढरे पट्टे. टोकाला पिवळे फूल. आम्ही म्हणालो, “मावशी, हा उंटकटारा नव्हे. हा पिवळा धोतरा आहे.” मावशींनी देठ मोडला. पिवळाधमक चीक आला. त्या म्हणाल्या, “बघा! काविळीला पिवळंच औषध लागतं.”

वाचक बंधुभगिनींनो, त्या दिवशी पातेले गॅसवरून उतरले, म्हणून बरे झाले. आपल्या घरी असा प्रसंग आला तर काय करायचे, हे कळण्यासाठी या नावांचा गुंता सोडवून घेऊ.

‘थिसल’ हे इंग्रजी नाव एका झाडाचे नाही. सूर्यफूल, झेंडू, शेवंती यांच्या कुळातील अनेक काटेरी झाडांना मिळून इंग्रज लोक थिसल म्हणतात. तिकडे स्कॉटलंड देशाने तर याच काटेरी फुलाला आपले राष्ट्रीय चिन्ह केले आहे. या कुळाची खूण सोपी आहे. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरे तर बारीक बारीक फुलांचा गुच्छ असतो. झेंडू कुस्करला की हे दिसते.

मिल्क थिसल हे मूळचे भूमध्य समुद्राकाठचे झाड. आपल्या देशात ते काश्मीरच्या बाजूला आढळते. त्याच्या रुंद पानांवर दूध सांडल्यासारखे पांढरे डाग असतात. येशूची आई मरियम हिच्या दुधाचे थेंब पानावर पडले, अशी तिकडची दंतकथा आहे. म्हणून नावात ‘मिल्क’, म्हणजे दूध, आले. फूल जांभळे असते. सिलीमारिन काढतात ते त्याच्या बियांतून. पानांतून किंवा मुळीतून नव्हे. आणि हे औषध सुद्धा काविळीवर रामबाण आहे असे सिद्ध झालेले नाही. डॉक्टर ते जोडीला देतात, एवढेच.

आता आपला उंटकटारा. काही ठिकाणी याला काटेचेंडू म्हणतात. देशावर, माळरानावर, दगडगोट्यांच्या जमिनीत हा उगवतो. पानांखाली पांढरी लव असते आणि शेंड्याला गोल काटेरी चेंडू येतो. त्यावर पांढरट निळसर फुले असतात. उंटाने खायचा काटा, म्हणून उंटकटारा. संस्कृतात उष्ट्रकंटक. याचे शास्त्रीय नाव एकिनॉप्स ग्रीक भाषेतले आहे. त्याचा अर्थ साळूसारखे, म्हणजे अंगभर काटे असलेल्या प्राण्यासारखे, दिसणारे. आपल्याकडच्यांना काटा पाहून उंटाचे तोंड आठवले, ग्रीकांना काटेरी जनावर आठवले. ज्याला जे दिसले ते त्याने नाव ठेवले.

हे झाड थिसल खरे, पण मिल्क थिसल नव्हे. हिंदीत दोघांनाही ऊंटकटारा म्हणतात, म्हणून दोघांचे गुण एक होत नाहीत.

तिसरा तो मावशींनी आणलेला पिवळा धोतरा. तो तर थिसलच्या कुळातलाही नाही. तो अफूच्या कुळातला. मूळचा मेक्सिकोचा, म्हणून १७५३ साली लिनियस या शास्त्रज्ञाने त्याला ‘आर्गेमोन मेक्सिकाना’ हे नाव दिले. त्याच्या बोंडाला धोतऱ्याच्या बोंडासारखे काटे, म्हणून आपण पिवळा धोतरा म्हणतो. पण पांढऱ्या फुलाचा आपला धोतरा वेगळ्याच कुळातला आहे. तोही विषारीच. हिंदीत पिवळ्या धोतऱ्याला सत्यानाशी म्हणतात. ते नाव मात्र त्याला शोभते.

आर्गेमोन या नावाची कथा ऐकण्यासारखी आहे. डोळ्यातल्या पांढऱ्या डागाला ग्रीक लोक ‘आर्गेमा’ म्हणत. त्यावर ते एका झाडाचा रस घालत. त्या झाडाचे नाव आर्गेमोन. पुढे अमेरिका खंड सापडला, आणि ग्रीकांनी कधी न पाहिलेल्या झाडाला तेच नाव चिकटले. प्रत्यक्षात याच्या बियांचे तेल पोटात गेले तर डोळ्यांत काचबिंदू होऊ शकतो. डोळ्यांच्या औषधाचे नाव असलेले झाड डोळेच घालवू शकते. नावावर विश्वास ठेवला तर असे होते.

याच्या बिया मोहरीसारख्या बारीक, काळपट असतात. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात या बियांच्या तेलाची भेसळ झाली. पायांना सूज, धाप, हृदय कमजोर होणे, अशा तक्रारींनी हजारो माणसे आजारी पडली आणि ६० च्या वर माणसे दगावली. त्यातले विष म्हणजे सँग्विनरीन नावाचे द्रव्य. बियांत आहे, चिकात आहे, मुळीत आहे. कावीळ झालेल्या माणसाचे यकृत, ज्याला आपण लिव्हर म्हणतो, ते आधीच थकलेले असते. त्याला वर हा काढा पाजणे म्हणजे आगीत तेल ओतणेच. काविळीत अंग पिवळे होते ते रक्तातले पित्ताचे द्रव्य वाढल्याने. चिकाचा पिवळा रंग आणि अंगाचा पिवळा रंग यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

मग काटेरी झाडे सगळीच वाईट का? मुळीच नाही. सोलापूर, लातूर, परभणीकडून ठाण्याला आलेल्या घरांनी करडई खाल्ली आहे. करडई ही या थिसलांची सख्खी बहीणच. कोवळेपणी तिची भाजी होते, बियांचे तेल निघते, पाकळ्यांचा रंग होतो. त्यालाच कुसुंबी रंग म्हणतात. ज्वारीच्या शेताच्या कडेने करडईची ओळ लावली की गुरे आत शिरत नाहीत. आमच्या आज्या करडई काढायला भल्या पहाटे जात. दंवाने काटे नरम पडतात, उन्हे चढली की हाताची चाळण होते. तरी हाताला फडके गुंडाळावेच लागे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने पुढे बिनकाट्याची करडई तयार केली. काढणाऱ्या बायांच्या हातांना केवढा आराम!

त्या आज्यांना करडई नावावरून ओळखावी लागत नव्हती. पान, फूल, बी, सगळे त्यांनी हाताळलेले होते. आपण शहरात आलो, शेत सुटले, हाताची ओळख गेली आणि नुसती नावे जवळ राहिली. धोका इथेच आहे.

म्हणून घरोघरी एवढे पाळावे. कावीळ दिसली की आधी डॉक्टर आणि रक्ततपासणी. कावीळ अनेक कारणांनी होते आणि कारण तपासणीतच कळते. पाणी उकळून प्यावे. रस्त्याकडेचे कोणतेही झाड, कितीही ओळखीचे वाटले तरी, काढ्यात घालू नये. मोहरीचे तेल सुटे न घेता सीलबंद घ्यावे. मुलांना पिवळ्या धोतऱ्याची तीन लक्षणे दाखवून ठेवावीत : पांढऱ्या शिरांचे काटेरी पान, कागदासारख्या पातळ पाकळ्यांचे पिवळे फूल आणि देठ मोडताच येणारा पिवळा चीक. दाखवावे, पण हात लावू देऊ नये.

ताईंचे यजमान आता बरे आहेत, कामावर जाऊ लागले आहेत. मावशी गावी परतल्या. जाताना म्हणाल्या, “आमच्या बांधावर पण हाय तो. आता सगळ्यांना सांगते, ह्यो औषधाचा न्हाई म्हणून.” मावशींचे हे बोल आम्हाला फार मोलाचे वाटले. वाचकांनीही आपल्या शेजारी हे सांगावे, एवढीच विनंती.