झिजलंय, पण मेलेलं नाही

मागच्या रविवारी पुतण्या घरी आला होता. कपाटातलं काकांचं रिव्हॉल्व्हर पाहून म्हणाला, "अण्णा, याची नळी वेल्ड करून बंद करा, झकास पॉलिश मारा आणि फ्रेम करून भिंतीवर लावा. अँटिक पीस आहे!"

त्याला चहा दिला, पण राग काही जाईना. म्हणून हा लेख.

हे वेब्ली अँड स्कॉट, .३२ बोअरचं, बर्मिंगहॅमचं. काका फॉरेस्टात होते, १९८६ साली ते माझ्या नावावर झालं. काळसर निळा मुलामा नळीच्या टोकाशी पार उडालाय, कारण काकांनी ते वर्षानुवर्षं चामड्याच्या म्यानातून काढलं-घातलं. मुठीवरच्या रेघा त्यांच्या तळहाताने गुळगुळीत झाल्यात. पण खटका दाबून मधोमध मोडलं की रिकामी काडतुसं आजही एकदम वर येतात. गेल्या वर्षी रायफल क्लबात १५ यार्डांवरून सहाही गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या. हात माझा थरथरतो, त्याचा नाही!

आता पॉलिशचं. ते खरवडलं तर काकांचा हातच खरवडला जाईल. पुन्हा कागद मारून घासताना कडा गोल होतात, कोरलेले आकडे पुसट होतात. आजीचं जुनं पितळी तपेलं कोणी सोनेरी रंगाने रंगवतं का?

आणि नळी बंद करण्याचं म्हणाल तर १९५९ चा शस्त्र कायदा माझ्याच बाजूने बोलतो. त्यात जुनाट किंवा पुराणवस्तूचं मोल असलेल्या हत्याराला सूट आहे, पण कधी? दुरुस्त करूनही उडणार नसेल तरच. म्हणजे कायदा वय विचारत नाही, काम विचारतो. लोक मात्र उलटं करतात. वय पाहून निकाल लावतात. (निवृत्त मास्तरांना हा अनुभव नवा नाही. असो.)

डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवायची मर्यादा आली, वारशाने येणारीही त्यातच. माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी तेव्हा आजोबांचं जुनं जमा केलं आणि चकचकीत नवं ठेवलं. कारण काय, तर "जुनं वाईट दिसतं"! उडवून कोणतं पाहिलं होतं? एकही नाही.

काहीजण विचारतील, घरात हत्यार हवंच कशाला? प्रश्न रास्त आहे. घरात दारू, चिडका माणूस किंवा कुलपाची हयगय असेल तर नकोच, सरळ जमा करावं. केळकर संग्रहालयातली शस्त्रं मुकी आहेत तेही बरोबर, ती सगळ्यांची आहेत. माझं म्हणणं एवढंच की ठेवायचं तर जिवंत ठेवा, परवाना, कुलूप, तेल आणि सरावासकट. ती जबाबदारी नको म्हणून नळी बुजवायची आणि वर "वारसा जपला" म्हणून मिरवायचं, हा ढोंगीपणा आहे. हत्याराचा धाक संपला की माणसाची शिस्तही संपते. दिवाणखान्यातल्या त्या फ्रेमसमोर पाहुणे एकमेकांवर रोखून फोटो काढतील. भरलेलं नाही याची खात्री आधी करावी, हे मग कोण शिकवणार?

२०१६ च्या नियमांप्रमाणे सत्तरी ओलांडलेल्या परवानाधारकाला हयातीतच वारसाच्या नावे हत्यार करता येतं, अर्थात वारसाला परवाना मिळाला तर. आमच्या मुलीने कॉलेजात एन.सी.सी.त नेम धरायला शिकून घेतलंय, आणि २०१८ साली कोल्हापूरच्या राही सरनोबतने आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं तेव्हापासून ती पुन्हा सरावाला जाते. तिच्या नावाने अर्ज केलाय. परवाना नाकारला गेला तर रीतसर पोलिसांकडे जमा करीन, वाईट वाटेल, पण करीन.

वेल्डिंगवाल्याकडे मात्र नेणार नाही. पुतण्या हे वाचतोच आहे, त्याने समजून घ्यावं.