श्रद्धेचा वारसा आणि वाचनाचा हक्क

आपल्या श्रद्धेच्या मुळालाच हात घालणारी पुस्तके ख्रिस्ती पालकाने वाचावीत काय, आणि मुले जाणती होऊ लागल्यावर ती त्यांच्या हाती द्यावीत काय, हा प्रश्न बीडसारख्या जिल्ह्यात, जिथे ख्रिस्ती कुटुंबे संख्येने अगदी थोडी आहेत, अधिकच नाजूक होतो. रविवारची उपासना, शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांसाठी भरणारा बायबलचा वर्ग, आणि घरची प्रार्थना एवढ्यांवरच श्रद्धेचा वारसा तग धरून आहे, असे लहान समाजाला वाटत असते आणि म्हणून विरोधी विचारांचे पुस्तक उंबरठ्याबाहेर ठेवणे हेच पालकाचे कर्तव्य मानले जाते. ही धास्ती समजण्याजोगी आहे. परंतु मराठी ख्रिस्ती समाजाचा स्वतःचा इतिहास तिला दुजोरा देत नाही.

या समाजातील कितीतरी थोर माणसे वाडवडिलांच्या श्रद्धेला आव्हान देणाऱ्या वाचनातूनच घडली. नीलकंठशास्त्री गोरे यांनी काशीत ख्रिस्ती मताचे खंडन करण्यासाठी लेखणी उचलली, खंडनासाठी ते मत बारकाईने अभ्यासले आणि अखेर १८४८ मध्ये बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत प्रवेश देणारा जलसंस्कार, घेतला. नारायण वामन टिळकांच्या हाती रेल्वेप्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार ठेवला आणि त्या वाचनातून सुरू झालेला शोध १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांच्या बाप्तिस्म्यापर्यंत पोहोचला. बीडच्या शेजारच्या अहमदनगरात १८४२ साली सुरू झालेले ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक हिंदू वाचकांपुढे त्यांच्या धर्मसमजुतींची चिकित्सा मांडत असे. दुसऱ्याच्या मुलाने केलेले जे वाचन सत्यशोधन म्हणून गौरवायचे, तेच आपल्या मुलाने केले तर संकट समजायचे, ही भूमिका न्यायाला धरून नाही.

पालक या नात्याने या प्रश्नाला भिडलेले सर्वांत बोलके उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाई आणि त्यांची चिमुकली मुलगी मनोरमा या दोघींचा बाप्तिस्मा झाला. परंतु त्यानंतरच्या पत्रव्यवहारात रमाबाईंनी वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयातील डोरोथिया बील यांच्याशी त्रैक्याविषयी, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या सिद्धान्ताविषयी, खुलेपणाने वाद घातला. मनोरमेला कोणते धर्मशिक्षण द्यावे हाही त्या वादाचा विषय होता आणि त्याचा निर्णय आईकडेच राहिला पाहिजे, यावर रमाबाई ठाम होत्या. स्वतःच्या विवेकाला न पटलेली गोष्ट केवळ मंडळीच्या अधिकाराखातर मान्य करायची नाही, अशी भूमिका घेतलेल्या या स्त्रीची श्रद्धा प्रश्नांनी विझली नाही. आयुष्याच्या उत्तरार्धात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले आणि मनोरमा १९२१ मध्ये मृत्यू येईपर्यंत आईच्याच कामात राहिली.

बीडच्या ख्रिस्ती पालकाला आव्हानाचे पुस्तक शोधायला दूर जावे लागत नाही. अंबाजोगाईत ज्यांची समाधी दाखवली जाते त्या मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ हा अद्वैताचा, म्हणजे जीव आणि ब्रह्म मुळात एकच आहेत या मताचा, ग्रंथ आहे. उलट ख्रिस्ती श्रद्धेत निर्माता आणि निर्मिती यांतील भेद कधीच पुसला जात नाही. शेजारच्या बौद्ध घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा १९५७ साली प्रसिद्ध झालेला धम्मग्रंथ असतो, त्यात सृष्टिकर्ता ईश्वर आणि अमर आत्मा या दोन्ही कल्पना नाकारलेल्या आहेत. त्या घरातली मैत्रीण इतकी सालस असताना तिला देव मानण्याची गरज का पडत नाही, असे आठवी-नववीतल्या मुलीने रात्रीच्या प्रार्थनेनंतर विचारले, तर ज्याने तो ग्रंथ कधी उघडलाच नाही त्या पालकापाशी तिला गप्प करण्यापलीकडे उपाय उरत नाही, आणि गप्प बसवलेले मूल आपले पुढचे प्रश्न घराबाहेर घेऊन जाते.

म्हणून असा ग्रंथ पालकाने आधी स्वतः संपूर्ण वाचावा, मुलांचे वय पाहून त्यातला भाग त्यांच्यासोबत वाचावा, लेखकाला कोणते दुःख किंवा कोणता प्रश्न छळत होता हे आधी समजून घ्यावे, आणि मगच आपली श्रद्धा कुठे वेगळी आहे व कोणत्या प्रश्नाला आपल्यापाशी उत्तर नाही, हे सरळ सांगावे. बायबलनेच या प्रामाणिकपणाला जागा दिली आहे: देवाच्या न्यायाला जाब विचारणारा ईयोब त्यात आहे, आणि येशूच्या पुनरुत्थानाचा पुरावा मागणारा थोमा शिष्यांच्या पंगतीतून बाहेर काढला गेलेला नाही.

तरीही मूल वेगळ्या वाटेने गेले तर काय, ही भीती उरतेच. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी, १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त असे एक कुटुंब कल्पिले, ज्यात आई बौद्ध, वडील ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी होतो, प्रत्येक जण स्वतः ग्रंथ वाचून आपला धर्म निवडतो, आणि तरी कोणी कोणाचा द्वेष करत नाही. ख्रिस्ती पालकाने आपली श्रद्धा सौम्य करावी असा याचा अर्थ नाही. आपल्याला जे सत्य वाटते ते त्याने मुलांपुढे उत्कटतेने मांडावे, त्यांच्यासाठी प्रार्थनाही करावी. मात्र विश्वास हा अखेरीस ज्याचा त्याने देवाला द्यायचा होकार आहे, आणि नकाराची वाट बंद करून मिळवलेल्या होकाराला होकार म्हणता येत नाही.